कापसाच्या मैदानावरची बाग

मुंबईत एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयाच्या, म्हणजे जुन्या टाउन हॉलच्या पायऱ्यांवर उभं राहून समोर बघा. रस्त्यापलीकडे लोखंडी कुंपण, आत गर्द झाडी आणि झाडीच्या मागे सेंट थॉमस कॅथीड्रलचा मनोरा. मधली ही गोल बाग म्हणजे फोर्टातलं हॉर्निमन सर्कल.

मुंबईला तटबंदी होती, त्या काळात इथे बाग नव्हती. तटाच्या आतलं हे मोकळं मैदान होतं, बॉम्बे ग्रीन. बंदराचे धक्के जवळच होते. परदेशी जाणाऱ्या कापसाच्या गासड्या या मैदानात रचल्या जात, म्हणून लोक त्याला कॉटन ग्रीनही म्हणत. हार्बर लाइनवर आज त्याच नावाचं स्टेशन आहे. कापूसबाजार आधी कुलाब्याला आणि पुढे शिवडीकडे हलला, तेव्हा नावही त्याच्यासोबत गेलं.

याच मैदानात गव्हर्नर जनरल लॉर्ड कॉर्नवॉलिसचा संगमरवरी पुतळा होता. लोक त्याला देव समजून हारफुलं वाहू लागले, आणि ते थांबवताना सरकारच्या नाकी नऊ आले! तो पुतळा आता भायखळ्याला, डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात आहे.

कापूस गेला आणि मैदानाची रया गेली. नारळाच्या करवंट्या आणि राडारोडा यांचे ढीग साचले. हे पालटायचं मनावर घेतलं पोलीस खात्याचे प्रमुख चार्ल्स फोर्जेट यांनी. मधोमध बाग आणि भोवती एकसारख्या इमारती, अशी त्यांची कल्पना. गव्हर्नर एल्फिन्स्टन आणि त्यांच्यानंतर आलेले बार्टल फ्रिअर, दोघांनीही ती उचलून धरली. जागेचे भूखंड पाडून ते व्यापारी कंपन्यांना विकले गेले. १८७२ मध्ये बाग तयार झाली. नाव पडलं एल्फिन्स्टन सर्कल.

आता भोवतालच्या इमारतींकडे या. त्या बागेच्या गोलाईनेच वळत जातात. खालून सलग कमानी आहेत, त्यामुळे भर पावसातही छत्री न उघडता चालता येतं. जाता जाता मान वर करा. कमानींच्या माथ्यावर, अगदी मधल्या दगडात, माणसांचे चेहरे कोरले आहेत. रोज इथून जाणाऱ्या कितीतरी जणांनी ते पाहिलेलेही नसतात, याची मला खरोखर हळहळ वाटते.

टाउन हॉलसमोरच्या एका वडाखाली १८५० च्या दशकात शेअर दलाल जमत, असं सांगतात. त्याच दलालांची पुढे १८७५ मध्ये संघटना झाली, आणि तिचाच आज मुंबई शेअर बाजार झाला आहे. आता दुपारी इथल्या बाकांवर आसपासच्या बँकांतली आणि कचेऱ्यांतली माणसं दिसतात. कुणी डबा खातं, कुणी सावलीत घटकाभर डोळे मिटून बसतं. फोर्टात पैसे न मोजता टेकता येईल अशा जागा किती उरल्या आहेत? म्हणून ही बाग जपायला हवी, निव्वळ जुनी आहे म्हणून नव्हे.

राहता राहिलं नाव. बेंजामिन हॉर्निमन हे इंग्रज पत्रकार. फिरोजशहा मेहतांनी १९१३ मध्ये सुरू केलेल्या 'बॉम्बे क्रॉनिकल'चे संपादक. होमरूलच्या चळवळीत ते उतरले, रौलट कायद्याविरुद्ध त्यांनी लेखणी चालवली. एप्रिल १९१९ मध्ये सरकारने त्यांना बोटीवर चढवून हद्दपार केलं. इंग्लंडला गेल्यावरही ते गप्प बसले नाहीत. जालियनवाला बागेतल्या हत्याकांडाची हकिगत त्यांनी इंग्रज वाचकांपुढे मांडली. १९२६ मध्ये ते परत आले, पुन्हा वृत्तपत्रांत रमले, स्वतंत्र भारत त्यांनी डोळ्यांनी पाहिला आणि १९४८ मध्ये त्यांचं निधन झालं.

स्वातंत्र्य मिळाल्यावर या शहराने इंग्रजांची कितीतरी नावं पुसली. या बागेवरचं गव्हर्नरचं नावही उतरवलं, आणि त्या जागी एका इंग्रज संपादकाचं नाव आपणहून लावलं.