कष्टाचा रोज वहीत मांडा

मैत्रिणींनो, बचत गटाच्या बैठकीत कर्जाबद्दल भरपूर बोलणं होतं, पण आपण काढलेल्या मालाच्या भावाबद्दल क्वचितच. आज मला त्यावरच बोलायचं आहे.

कर्जाचं गणित तुम्हाला चोख येतं. बऱ्याच गटांत अंतर्गत कर्जाला दरमहा शेकडा दोन रुपये व्याज लागतं. म्हणजे वर्षाला 24 टक्के, पण ते सावकाराकडे न जाता गटातच राहतं, हे कुणी शिकवावं लागत नाही. 1992 साली नाबार्डनं, म्हणजे शेती आणि ग्रामविकासाच्या राष्ट्रीय बँकेनं, 500 गट बँकांना जोडण्याचा प्रयोग केला, तो तुमच्यासारख्यांच्या नियमित परतफेडीवरच उभा राहिला. आज 10 लाखांपर्यंतच्या कर्जाला बँकेनं गटाकडे तारण मागायचं नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तरी कुणी मागितलं, तर हा नियम त्याला दाखवा.

आता शेंगदाण्याची चटणी घेऊ. समजा, गटानं दहा किलो केली. दाणे, लसूण, तिखट, जिरं, मीठ मिळून 1,900 रुपये लागले. बाजारात 240 रुपये किलोनं गेली, 2,400 आले. आपण म्हणतो, "पाचशे सुटले." पण चौघीजणी दिवसभर राबल्या. दाणे भाजले, सालं पाखडली, लसूण सोलून बोटं चुरचुरली, मग कांडणं आणि पाकिटं भरणं. त्याच दिवशी खुरपणीला गेल्या असत्या, तर 300 रुपये रोजानं 1,200 मिळाले असते. गॅस, पाकिटं, एसटीचं भाडं यांचे 300 धरा. खर्च झाला 3,400. म्हणजे पाचशे सुटले नाहीत, हजार रुपये अंगावर आले!

हा तोटा दिसत नाही, कारण तो आपल्या अंगमेहनतीतून वळता होतो. घरातल्या कामाला कधी दाम मिळाला नाही, म्हणून गटातल्या कामालाही आपण तो लावत नाही. याचा मला फार त्रास होतो. दुकानदार घासाघीस करतो तेव्हा "घरचंच तर आहे" असं म्हणून आपणच भाव पाडतो. किलोला 340 रुपयांच्या खाली ही चटणी देणं म्हणजे गिऱ्हाइकाला आपल्या पदरचे पैसे देणं. आठवडी बाजारात हा भाव मिळत नसेल, तर शंभर ग्रॅमची पाकिटं करा, शहरातल्या प्रदर्शनात न्या, नाहीतर ही चटणी सोडून दुसरा माल धरा. कर्ज आणखी वाढवून हे कोडं सुटणार नाही.

हिशेब आपल्याला झेपणार नाही, असं कुणी म्हणू नये. सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडच्या माणदेशी महिला बँकेचा परवाना आधी नाकारला गेला, कारण बँक काढू पाहणाऱ्या बायका निरक्षर होत्या. त्या लिहायला-वाचायला शिकल्या, पुन्हा रिझर्व्ह बँकेत गेल्या आणि म्हणाल्या, रक्कम सांगा, व्याज आम्ही तोंडी काढतो, तुमचे अधिकारी यंत्रावर काढू देत. 1997 मध्ये बँक सुरू झाली.

तेव्हा येत्या बैठकीत सचिवताईंनी वहीत एक रकाना वाढवावा: कोण किती वेळ राबलं. विक्रीचे पैसे आले की आधी कच्चा माल, गॅस, पाकिटं, भाडं यांचे वळते करा, मग जिचा रोज तिच्या हातात द्या, तिची सही घ्या. त्यानंतर उरेल त्यालाच नफा म्हणा.