कांडी किती वेळ चालते?

(दृश्य : काळा पडदा. फक्त यंत्रमागाचा आवाज. मग धोट्याचं टोक, अगदी जवळून.)

हा धोटा. अंगाने लाकडी, दोन्ही टोकांना लोखंडी टोप्या, पोटात सुताची कांडी. मागावर तो दिवसभर इकडून तिकडे पळत असतो आणि त्याच्या मागे आडवा धागा सुटत जातो. सोलापूरच्या पूर्व भागात धोटा कुणीच कधी हातात घेतला नाही, असं घर शोधायचं म्हटलं तर चपला झिजतील. चालत्या मागातून धोटा उडाला तर समोरच्याचा डोळा जाऊ शकतो, हेही इथल्या पोरांना वेगळं सांगावं लागत नाही.

हा माहितीपट सोलापूरच्या एका हौशी संशयनाट्याचा. त्या नाटकात खून होतो तो धोट्यानेच.

(दृश्य : रात्र. शटर वर जातं. आत दोन माग, बाकी रिकामी फरशी. ट्यूबलाइट दोनदा फडफडून लागते.)

इथे पूर्वी आठ माग होते. सहा भंगारात गेले. त्यांच्या पायांचे चौकोनी डाग फरशीवर अजून दिसतात. दिग्दर्शकाने या डागांचाच नकाशा केला आहे. पहिला डाग म्हणजे सोफा, तिसरा म्हणजे सासूबाईंची खुर्ची, पाचव्या डागावर प्रेत पडतं.

हौशी नाटकाला सोलापुरात नट मिळतात, पेटीवाला मिळतो, सुतार मिळतो. जागा मिळत नाही. मंगल कार्यालयाला भाडं परवडत नाही, शाळेचे वर्ग संध्याकाळी शिकवणीला दिलेले असतात. या शेडच्या मालकांनी भाडं घेतलं नाही. अट एकच घातली : आत काडी ओढायची नाही. कोपऱ्याकोपऱ्यात कापसाचे तंतू साचलेले आहेत, ठिणगीला तेवढं पुरतं. त्यामुळे संहितेतला भागीदार सिगारेट पेटवत पेटवत संशयास्पद बोलायचा, तो आता शेंगा सोलत बोलतो. आमच्या मते हे सुधारलंच.

(दृश्य : तालीम. एक मुलगा पळत येतो. दिग्दर्शक हात वर करतात.)

"थांब की बे. पळूलालास कशाला? खून करून आलेला माणूस पळत नाही. हळू येतो, पाणी मागतो."

गोष्ट थोडक्यात सांगतो. एक कारखानदार. टॉवेलचा धंदा, डोक्यावर कर्ज, एक कोटीचा विमा. त्याची बायको. त्याचा भागीदार, जो सूत पुरवतो आणि जेवणाच्या वेळेला हमखास येतो. आणि कारखानदाराची आई, जी दोन अंकांत खुर्चीवरून उठत नाही. बायको आणि भागीदार यांच्यात काय चाललं आहे ते प्रेक्षकाला पहिल्या दहा मिनिटांत कळतं. नवऱ्याला ते कधीपासून माहीत होतं, तिथे खरं नाटक आहे.

(दृश्य : चादरीची घडी. संवाद नाहीत. या ठिकाणी निवेदनही थांबेल, पंचवीस सेकंद.)

हा प्रवेश आधी बारा मिनिटांचा होता. संवाद भरपूर, शपथा, रडणं. दिग्दर्शकांनी सगळं काढलं आणि दोघांच्या हातात एक सोलापुरी चादर दिली. दोन टोकं दोघांकडे. घडी घालायची तर एकमेकांकडे चालत यावं लागतं. प्रत्येक घडीला अंतर निम्मं होतं. शेवटच्या घडीला बोटं भेटतात. सासूबाई समोरच बसलेल्या आहेत आणि त्यांनाही यात काही वावगं दिसत नाही, कारण चादरीची घडी एकट्याने नीट पडत नाही हे त्यांनाही ठाऊक आहे.

(दृश्य : एक वकील संहितेवर पेन्सिलने खुणा करताना.)

हे गृहस्थ जिल्हा न्यायालयात वकिली करतात आणि नाटकात इन्स्पेक्टर होतात. त्यांनी पहिल्याच वाचनाला दोन चुका काढल्या. बायकोला धमकावताना इन्स्पेक्टर म्हणायचा, व्यभिचार हा गुन्हा आहे, तुम्हाला आत टाकीन. व्यभिचाराचं कलम 497 सर्वोच्च न्यायालयाने 27 सप्टेंबर 2018 ला रद्द केलं. आणि ते होतं तेव्हाही त्यात शिक्षा परपुरुषाला होती, बायकोला नव्हती. म्हणजे आपल्या कितीतरी जुन्या नाटकांतले इन्स्पेक्टर उगाचच दरडावत आले!

दुसरी चूक खुनाच्या कलमाची. 1 जुलै 2024 पासून जुन्या भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली. तीनशे दोन गेलं, एकशे तीन आलं. तालमीत इन्स्पेक्टर "एकशे तीन" म्हणाला तेव्हा सगळे त्याच्याकडे नुसते बघत राहिले. अंगावर काटा येतो तो तीनशे दोनला. शेवटी इन्स्पेक्टर एकशे तीन म्हणतो आणि हवालदार हळूच विचारतो, "म्हणजे तीनशे दोनच ना साहेब?" प्रयोगात सर्वांत मोठा हशा या वाक्याला आला. संशयनाट्यात एक हशा लागतोच, नाहीतर प्रेक्षक शेवटपर्यंत श्वास धरून बसेल कसा?

पैशाचं गणितही याच पेन्सिलीने सुटलं. विमा कायद्याचं कलम 45 सांगतं की पॉलिसीला तीन वर्षं पूर्ण झाली की माहिती लपवली, खोटी दिली अशी कारणं काढून कंपनीला ती नाकारता येत नाही. नाटकातला खून होतो तेव्हा तीन वर्षं पूर्ण होऊन चार दिवस झालेले असतात. हा योगायोग आहे की कुणीतरी कॅलेंडरवर खूण केली होती? भिंतीवरचं कॅलेंडर पडदा उघडल्यापासून समोर आहे. बघणाऱ्याने बघावं.

पण हिंदू उत्तराधिकार कायद्याचं कलम 25 त्याच्याही पुढचं बोलतं. ज्याने खून केला, त्याला मेलेल्याची मालमत्ता वारशाने मिळत नाही. मग बायको दोषी ठरली तर पैसा कुणाकडे जाणार? मूलबाळ नाही. पहिल्या वर्गातल्या वारसांत उरते ती आई.

(दृश्य : खुर्चीतल्या सासूबाई. जपमाळ. कॅमेरा हळूहळू पुढे.)

आम्ही एवढंच दाखवतो.

(दृश्य : तिरकी चौकट. कुणीतरी मागावरची धूळ पुसतंय. आवाज घुमतो आहे.)

आता या माहितीपटातली आमची सर्वांत आवडती चार मिनिटं. चौकट वाकडी आहे, त्याबद्दल माफी. बॅटरी किती चालते हे बघायला कॅमेरा चालू करून बीमवर ठेवला होता, आणि म्हणूनच हे सापडलं.

लेखकाने तीस वर्षं एका कारखान्यात हिशेब लिहिले. टॉवेलचा डझनाचा भाव झोपेत विचारला तरी सांगतील. माग मात्र त्यांनी स्वतः कधी चालवला नव्हता. त्यांच्या पहिल्या संहितेत असं होतं : खुनाच्या रात्री शेजारचे सगळे सांगतात की कारखान्यातून चाळीस मिनिटं मागाचा आवाज येत होता. कामगार रजेवर. भागीदार म्हणतो, मीच माग चालवत होतो. म्हणजे तो मागाजवळ होता, म्हणजे तो सुटला. मग खुनी सापडायचा एका अर्धवट जळालेल्या चिठ्ठीवरून. चिठ्ठ्या अर्धवटच जळतात, असा नाटकातला नियम आहे.

त्या दिवशी कोपऱ्यात अक्का बसल्या होत्या. बाजूच्या शेडमध्ये कांड्या भरतात. पाळी संपली की डबा घेऊन तालीम बघायला यायच्या, कधी काही बोलायच्या नाहीत. त्या दिवशी बोलल्या.

"चाळीस मिनिटं माग चालला. मग कांडी कोण बदलली?"

(दृश्य : शांतता. सात सेकंद. तशीच ठेवली आहे.)

ज्यांनी साधा यंत्रमाग पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. धोट्याच्या पोटातली कांडी संपते. जाड सूत असेल तर चार-पाच मिनिटांत. संपली की माग थांबतो, माणूस दुसरी कांडी घालतो, पुन्हा सुरू करतो. मागाजवळ कुणी नसेल तर माग अर्धा तास चालूच शकत नाही. इथपर्यंत भागीदाराचं म्हणणं बरोबरच ठरतं. तो तिथे होता.

पण अक्का उठून मागापाशी गेल्या आणि कापडाला हात लावून म्हणाल्या, चाळीस मिनिटं चालला तर कापड कुठाय?

लेखकांनी खिशातलं पेन काढलं. मिनिटाला 120 फेऱ्या. टॉवेलला इंचात 40 धागे. म्हणजे मिनिटाला 3 इंच कापड. चाळीस मिनिटांत 120 इंच, दहा फूट. हिशेबनीस माणूस, गणित झटक्यात झालं. आणि गणित झाल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं, ते तुम्हीच बघा.

(दृश्य : लेखकाचा चेहरा. मग जळक्या चिठ्ठीचं पान टराटरा फाडताना.)

चिठ्ठी गेली. नव्या संहितेत इन्स्पेक्टर मागावरचं कापड मोजतो. एक फूट. म्हणजे चार मिनिटं. म्हणजे एक कांडी संपली आणि ती कुणीही बदलली नाही. मग उरलेली छत्तीस मिनिटं सगळ्या गल्लीने जो आवाज ऐकला, तो कशाचा होता?

आवाज खोटा होता, एवढं सांगतो. तो कुणी लावला हे शेवटच्या सहा मिनिटांत आहे, आणि त्या मुलांनी आमच्याकडून वचन घेतलं आहे.

(दृश्य : हेडफोन घातलेला मुलगा. मोबाइल मागाच्या पायाशी. हाताने खूण : आणखी जवळ.)

हा ध्वनी सांभाळतो. दिवसा मोबाइल दुरुस्तीचं दुकान. त्याच्यापुढे विचित्र काम होतं. आवाज पहिल्यांदा ऐकताना खरा वाटला पाहिजे, आणि दुसऱ्या अंकानंतर आठवताना खोटा. त्याने खऱ्या मागाचे 38 सेकंद घेतले आणि तेच जोडून फिरवले. सात मिनिटांच्या प्रवेशात ती जोड अकरा वेळा येते. तिथे एक ठोका किंचित लवकर पडतो. सोलापूरच्या प्रेक्षकाच्या कानाला तो खटकणार, अशी त्याची पैज होती. आम्ही प्रयोगाच्या वेळी प्रेक्षागृहात कॅमेरा लावला होता. पाचव्या रांगेतले हे आजोबा बघा. तिसऱ्या जोडीला मान वर केली. सहाव्याला शेजारच्याला कोपराने ढोसलं.

(दृश्य : परात. ग्लिसरीन, लाल खाद्यरंग, चिमूटभर कॉफी. पांढरा टॉवेल.)

रक्त. लाल रंगाने रक्त होत नाही, सरबत होतं. कॉफीने ते काळवंडतं, ग्लिसरीनने दाट होतं. पण टॉवेलवर ओतलं की आत मुरायचं आणि वर फिकट गुलाबी डाग राहायचा, लग्नातल्या अक्षतांसारखा. तीन रात्री यात गेल्या. धुतलेला टॉवेल पाणी ओढतो, कोरा ओढत नाही. खळ निघालेली नसते. घरात नवा टॉवेल आणला की आई आधी धुऊन घ्यायला का सांगते, याचं उत्तर हेच. कोरा टॉवेल घेतला, आणि रक्त वरच्या वर ओघळलं. टॉवेलच्या गावात हे सुचायला तीन रात्री लागल्या, यावर सगळ्यांनी एकमेकांना भरपूर शिव्या घातल्या. त्या कापल्या आहेत.

(दृश्य : हुतात्मा स्मृती मंदिर, बाहेरून. टेम्पोतून सोफा उतरतो.)

12 जानेवारी 1931 ला येरवड्यात फाशी गेलेल्या सोलापूरच्या चार हुतात्म्यांच्या नावाचं हे नाट्यगृह. गायिका-अभिनेत्री फय्याज या गावच्या. अतुल कुलकर्णी इथल्या हौशी रंगभूमीवरच उभे राहायला शिकले. अशी नावं भाषणात घ्यायला सगळ्यांना आवडतात. त्यांच्या मागून आलेली पोरं तालमीला कुठे बसतात, हे कुणी विचारत नाही.

सहा डागांवर बसवलेलं नाटक खऱ्या रंगमंचावर आणलं की पहिली दहा मिनिटं सगळे हरवतात. सोफा लांब, दार लांब, प्रेत लांब. दिग्दर्शकांनी खडूने फरशीवर पुन्हा तेच सहा चौकोन काढले. ते बघा, सासूबाई खुर्ची न बघता बरोबर तिसऱ्यावर जाऊन बसल्या.

(दृश्य : विंगेतून दिसणारा प्रयोग. अंधार. मागाचा आवाज. एक ठोका लवकर.)

खुनाच्या क्षणी रंगमंचावर एकच दिवा आहे. तो मारणाऱ्यावर नाही, मरणाऱ्यावरही नाही. मागावर आहे. तीन माणसं विंगेत उभी आहेत : एकाचा हात दिव्याच्या खटक्यावर, एकाचा आवाजावर, एकाच्या हातात भिजवलेला टॉवेल. कार्यक्रमपत्रिकेत या तिघांची नावं सर्वांत खाली आणि सर्वांत बारीक टायपात आहेत. म्हणून ते आमच्या चित्रात सर्वांत जास्त वेळ आहेत.

(दृश्य : पडदा. टाळ्या. रिकाम्या खुर्च्या. टेम्पो.)

प्रयोग एकच झाला. बक्षीस मिळालं नाही. बायकोचं काम करणाऱ्या मुलीच्या घरी गल्लीतून काहीबाही बोलणं गेलं, ती पुढच्या नाटकात नाही. खर्चातले काही पैसे अजून द्यायचे आहेत.

(दृश्य : शेड. दिवस. पोत्यांच्या थप्प्या.)

शेड आता गोदामाला दिली आहे. मालकांचाही नाइलाज होता. पाचवा डाग पोत्यांखाली गेला. खरा धोटा, ज्याच्यावरून थर्माकोलचा केला होता, तो अक्कांनी मागून घेतला. चालेल, म्हणाल्या, अजून.

(दृश्य : एक गच्ची. संध्याकाळ. सतरंजीवर सात-आठ जण, हातात झेरॉक्स. मागे कुठूनतरी मागाचा आवाज.)

नवीन संहितेचं वाचन या गच्चीवर चालतं. आम्ही शूटिंगला गेलो त्या संध्याकाळी दुसऱ्या अंकापर्यंत आलं होतं. मग पाऊस आला. पानं गोळा करून सगळे जिन्यात उभे राहिले, आणि ज्याचं वाक्य होतं त्याने ते जिन्यातच पूर्ण केलं.