चिमणीआधी अडवलेली राख

ही राख चिमटीत धरून पाहा. मैद्याहून मऊ लागते. सूक्ष्मदर्शकाखाली मात्र दिसतात काचेचे गोल, गुळगुळीत मणी. औष्णिक वीज केंद्रात कोळसा जळताना त्यातले खनिज कण वितळतात, झोताबरोबर वर जातात आणि हवेतच थिजतात. चिमणीबाहेर पडण्याआधी विद्युतभारित पट्ट्या त्यांना ओढून घेतात. हीच फ्लाय ॲश.

काँक्रीटमध्ये राख म्हणजे भेसळ, असं अजूनही अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात काय होतं? सिमेंटची पाण्याशी क्रिया होताना चुना सुटतो. तो ताकद तर देत नाहीच, उलट पाण्यात विरघळून भिंतीवर पांढरा फुटतो. राखेतली सिलिका नेमका हाच चुना पकडते आणि त्यापासून पुन्हा चिकट, घट्ट बंधक तयार करते. बारीक छिद्रं बुजतात, खारं पाणी सहजी आत शिरत नाही आणि सळई गंजण्यापासून जास्त काळ वाचते.

रोममधल्या पँथिऑनचा ४३ मीटर व्यासाचा घुमट दुसऱ्या शतकातला, एकाही सळईविना उभा. त्याच्या मिश्रणात ज्वालामुखीची राख आणि चुना आहे. कारखान्यातल्या राखेची मोठी परीक्षा झाली ती अमेरिकेत, १९४८ ते १९५३ दरम्यान बांधलेल्या हंग्री हॉर्स धरणावर. एवढं काँक्रीट एकदम ओतलं की ते आतून तापतं आणि तडकतं. राखेमुळे ही उष्णता कमी होते.

दुसरा फायदा सिमेंटच्या भट्टीपाशी दिसतो. चुनखडी मातीबरोबर सुमारे १४५० अंशांपर्यंत तापवून क्लिंकर, म्हणजे ज्याचं दळून सिमेंट होतं ते खडे, बनतं, आणि इंधन कुठलंही वापरा, चुनखडीतला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतोच. काही सिमेंटच्या जागी राख घातली, की तेवढं क्लिंकर भाजावंच लागत नाही.

पण राख कुठलीही चालत नाही. न जळलेला कोळसा जास्त असेल तर मिश्रण बिघडतं; ती तपासूनच घ्यायला हवी. आणि साचे काढायची घाई नको! हे काँक्रीट सुरुवातीला हळू पकडतं. २८ दिवसांच्या चाचणीत त्याचा क्यूब, म्हणजे चाचणीसाठी ओतलेला ठोकळा, कधी साध्या काँक्रीटच्या मागे पडतो, ९० दिवसांत बरोबरी करतो, पुढेही जातो. पण त्यासाठी ओल टिकली पाहिजे. पाणी मारणं लवकर थांबवलं, तर राख नुसती भर होऊन आत पडून राहते.

काही देशांत कोळशाची वीज केंद्रं बंद होत असल्यानं ताजी राख कमी पडू लागली आहे. तिथं आता वीज केंद्रांची राख साठवलेली जुनी तळी उकरून, त्यातली राख वाळवून आणि चाळून मिक्सरकडे पाठवली जात आहे.