पंडिता रमाबाई: दुष्काळातून केडगावपर्यंत

[दृश्य: कोरडं माळरान, दुपारचं ऊन]

साल १८७४. अनंतशास्त्री डोंगरे तीर्थक्षेत्री पुराण सांगत, त्यावर घर चाले. पण ऐकणाऱ्यांच्याच घरात दाणा नसेल तर पुराणिकाला दक्षिणा कोण देणार? काही महिन्यांच्या अंतराने वडील गेले, आई गेली, थोरली बहीण गेली. आईच्या तिरडीला खांदा द्यायलाही कुणी पुढे येईना. स्मशान तीन मैलांवर. शेवटी दोघांना दया आली. उरलेल्या दोन बाजू भावाबहिणीने धरल्या. चौघांत रमा सगळ्यांत बुटकी. तिचा खांदा पोचेना, म्हणून तिने आईचा भार डोक्यावर घेतला.

ती तेव्हा सोळा वर्षांची होती.

[दृश्य: नदीकाठची वाळू]

पुढे श्रीनिवास आणि रमा पायी उत्तरेकडे निघाले. झेलमच्या काठी थंडी इतकी, की दोघांनी वाळूत खड्डे खणले, आत शिरले आणि डोकं तेवढं बाहेर ठेवून कोरडी वाळू अंगावर ओढून घेतली. रमाबाईंनी पुढे लिहिताना त्या खड्ड्यांना थडग्यांची उपमा दिली आहे.

१८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी रमाबाईंना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हटलं. गौरव झाला खरा, पण दोनच वर्षांत भाऊ गेला. बिपिनबिहारी मेधावींशी लग्न झालं. १८८२ मध्ये पटकीने तेही गेले. मागे राहिली तान्ही मनोरमा.

[दृश्य: जुन्या पुस्तकाची पानं]

सिल्चरला असताना नवऱ्याच्या पुस्तकांत त्यांना बायबलमधलं लूककृत शुभवर्तमान बंगालीत सापडलं होतं. पण मन हललं ते इंग्लंडमध्ये. लंडनच्या फुलहॅम भागात, समाजाने टाकलेल्या बायकांना सांभाळणाऱ्या सिस्टर्स, म्हणजे ख्रिस्ती जोगिणी, त्यांनी पाहिल्या. ‘हे का करता?’ असं विचारल्यावर एका सिस्टरने त्यांना येशू आणि शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवली. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज इथे मायलेकींचा बाप्तिस्मा झाला.

इकडे महाराष्ट्रात गहजब उडाला. तिकडच्या सिस्टर्सनाही त्या सहजासहजी ऐकणाऱ्या वाटल्या नाहीत. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, या त्रैक्याच्या सिद्धांतावरून पत्रापत्री, वाद. एका पुरोहितशाहीतून बाहेर पडून दुसरीपुढे मान तुकवायची त्यांची तयारी नव्हती, आणि ते बरंच झालं. रमाबाई स्वतः नंतर सांगत, की ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळायला आणखी आठेक वर्षं गेली. संकट आलं आणि लगेच श्रद्धेने हात दिला, अशी ही गोष्ट नाही.

[दृश्य: केडगाव, मुक्ती मिशनच्या इमारती]

१८९६ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडल्याची बातमी आली. रमाबाईंनी विधवांसाठी काढलेलं शारदा सदन तेव्हा पुण्यात होतं. पैसा मोजका, माणसं मोजकी. रमाबाई तरीही निघाल्या. तिथल्या मुलींकडे बघून त्यांना काय आठवलं असेल, हे वेगळं सांगायला नको. शेकडो मुली त्यांनी आणल्या. पुण्यात प्लेग आला, तशी मुलींची सोय दौंड रस्त्यावरच्या केडगावच्या शेतावर झाली. १९०० मध्ये गुजरातेत दुष्काळ पडला तेव्हा आणखी मुली आल्या आणि केडगावच्या या आश्रमातला, ‘मुक्ती’तला, आकडा दोन हजारांच्या घरात गेला. एवढ्या जणींचं जेवण रोज रांधायचं, आजारी असतील त्यांची उस्तवार करायची. शेती, विणकाम, दूधदुभतं. अंध मुलींसाठी ब्रेल. प्रार्थना होतीच, पण ती चुलीपासून लांब नव्हती.

[दृश्य: छापखान्याचे खिळे जुळवणारे हात]

शेवटची वर्षं त्यांनी बायबलच्या भाषांतराला दिली. त्यासाठी हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. खेड्यातल्या साध्या बाईला कळेल अशी मराठी हवी, हा हट्ट. खिळे जुळवणं, छपाई, सगळं मुक्तीतल्या बायकाच करत.

जुलै १९२१ मध्ये मनोरमाही गेली. रमाबाईंनी काम थांबवलं नाही. मुद्रितं तपासत राहिल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचं निधन झालं, तोवर भाषांतर पुरं झालं होतं. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये केडगावच्याच छापखान्यातून बाहेर पडलं.