व्हॉल्व्ह, चिठ्ठ्या आणि आंब्याची पेटी

नमस्कार मंडळी. आज व्हॉल्व्हबद्दल बोलायचंय. पंपाचा नाही आणि हार्टचा तर नाहीच नाही, जुन्या रेडिओतला काचेचा व्हॉल्व्ह. बटण फिरवलं की लगेच आवाज नाही, आधी आत लालसर उजेड, मग हळूहळू खरखर, आणि मग कुठे बातम्या. ज्यांच्या घरी मर्फी, बुश, फिलिप्स असा एखादा सेट होता त्यांना हे सांगायलाच नको, आणि ज्यांनी बघितलाच नाही त्यांनी आजीला विचारावं, एरियलची तार कुठल्या माडावरून कुठल्या माडावर नेली होती तिथपासून ती सुरू करेल.

मी हे व्हॉल्व्ह गोळा करतो. घरचे याला भंगार म्हणतात, म्हणू देत.

व्हॉल्व्ह चालतो कसा ते पटकन सांगतो. काचेच्या नळीतली हवा काढून टाकलेली असते, आत एक तार तापते, त्या तापण्याने इलेक्ट्रॉन सुटतात आणि समोरची प्लेट ते ओढून घेते. मध्ये एक बारीक जाळी. पोफळीच्या बागेत पाटाला फळी लावून पाणी कमीजास्त करतो ना, तेच काम ही जाळी करते, जरासा इशारा दिला की सगळा प्रवाह वरखाली. जाळी नसलेला साधा व्हॉल्व्ह इंग्लंडच्या जॉन अँब्रोज फ्लेमिंगने १९०४ साली केला, जाळी घातली अमेरिकेच्या ली डी फॉरेस्टने १९०६ साली, आणि १९४७ च्या डिसेंबरात अमेरिकेत व्हॉल्व्हचंच काम करणारा चिमुकला ट्रान्झिस्टर जन्माला आला तिथून यांची उतरती कळा लागली. आपल्याकडे मात्र बेंगळूरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने रेडिओचे व्हॉल्व्ह बनवायला सुरुवातच केली १९६१ साली, म्हणजे तिकडे निरोप आणि इकडे बारसं.

आता नंबर वाचायला शिका, कारण खरी गंमत त्यात आहे. युरोपियन पद्धतीच्या व्हॉल्व्हवर पहिलं अक्षर असतं ते आतली तार कशावर तापते ते सांगतं. ई असेल तर ६.३ व्होल्ट, म्हणजे घरात वीज होती. डी असेल तर १.४ व्होल्ट, म्हणजे बॅटरीवरचा सेट. परत सांगतो, ई म्हणजे विजेवरचा, डी म्हणजे बॅटरीवरचा. डीके ९६, डीएफ ९६, डीएल ९६ असे व्हॉल्व्ह कोकणातल्या एखाद्या माळ्यावर सापडले की समजायचं, या वाडीत दिव्याच्या आधी रेडिओ आला. त्या सेटला ९० व्होल्टचा बॅटरी पॅक लागायचा, तो संपत आला की आवाज बारीक होत जायचा आणि सगळे कान लावून रेडिओला चिकटायचे.

पण नुसता नंबर पुरत नाही. कुणाच्या घरचा, कुठल्या सेटमधला, का काढला, हे माहीत नसेल तर तो फक्त काचेचा तुकडा. म्हणून माझं एकच म्हणणं असतं, व्हॉल्व्ह ठेवा पण आधी त्याची चिठ्ठी ठेवा. हे मला कुणी शिकवलं ते सांगतो, आणि हे सांगायलाच मी आज आलोय खरं तर.

गुहागर तालुक्यातलं एक गाव, नाव नको. तिथे एक काकी राहायच्या. त्यांचे यजमान रेडिओ दुरुस्त करायचे, पडवीत टेबल, टेबलावर सोल्डरिंगची इस्त्री, आणि पंचक्रोशीतले सगळे मुके रेडिओ त्यांच्या दारात. माणूस कुठलाही व्हॉल्व्ह टाकायचा नाही. गेलेला व्हॉल्व्ह काढला की पेपरच्या कपट्यात गुंडाळायचा, दोरा बांधायचा आणि दोऱ्यात पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी खोचायची. हे सगळं पेंढा घालून आंब्याच्या लाकडी पेटीत, आणि पेटी माळ्यावर. ते गेले, टेबल गेलं, पेटी राहिली.

एका मे महिन्यात पुतण्या आंबे घेऊन आला. डोंबिवलीच्या नणंदेकडे दरवर्षी एक पेटी जायची. आंबे अजून कच्चे, बाहेर ठेवले तर पोरं हात मारणार म्हणून त्याने पेट्या माळ्यावर चढवल्या, आणि दोन दिवसांनी पहाटे अंधारात गाडीची वेळ झाली तशी एक पेटी उतरवून, वरून दोरी आवळून, मुंबईच्या गाडीवर चढवली. (लाकडी पेटी होती म्हणून हे घडलं बरं का. आताच्या पुठ्ठ्याच्या खोक्यात ना आंबा श्वास घेतो ना गोष्ट घडते. आणि त्या खोक्यांवर देवगड छापून आत कर्नाटकचा माल भरणाऱ्यांबद्दल मी बोलायला लागलो तर वेळ संपेल. २०१८ ला हापूसला जीआय, म्हणजे ज्या भागातला माल त्याच भागाचं नाव लावायचा हक्क, मिळालं तरी बाजारात जाऊन बघा काय चाललंय ते.)

तर पेटी डोंबिवलीला पोचली. नणंदबाई शिस्तीच्या. वहिनीकडचे आंबे कच्चे असतात, आठ दिवस हात लावायचा नाही, असा घरात हुकूम. पेटी कॉटखाली. रोज संध्याकाळी यजमान वाकून वास घेणार आणि म्हणणार, यंदा आंब्याला वास कसा नाही? बाई म्हणणार, तुमचं नाक चोंदलंय. नवव्या दिवशी शेजारच्या बिऱ्हाडालाही बोलावलं, ताटं मांडली, पेंढा बाजूला केला, आणि आतून निघाल्या कागदाच्या पुड्या. पहिली पुडी सोडली, काच. दुसरी सोडली, काच.

इकडे गावात त्याच सुमाराला काकींच्या माळ्यावरून रस गळायला लागला. काकी म्हणाल्या उंदीर मेला असेल. पुतण्या शिडी लावून वर गेला आणि वर गेल्यावर बराच वेळ काही बोललाच नाही.

संध्याकाळी पोस्टातल्या फोनवर निरोप, डोंबिवलीहून फोन आहे. काकी धावत गेल्या. तिकडून पहिलं वाक्य काय? "वहिनी, आंबे यंदा काचेचे धरले काय गं?"

हसून झालं, रागावून झालं, मग बाई जरा थांबल्या आणि म्हणाल्या, पण यातली एक चिठ्ठी माझी आहे. झालं होतं असं की पुड्या फेकायच्या म्हणून गोळा करताना यजमान चिठ्ठ्या मोठ्याने वाचत बसले. "खोतांचा मर्फी, वीज पडल्या रात्रीपासून मुका, ईसीएच ८१ गेला." "शाळेमागचं घर, फिलिप्स, कण्हतो, ईसीएल ८२." "मास्तर, नवीन व्हॉल्व्ह घातला, दोष बॅटरीचाच होता, पैसे परत." आणि मग, "ताईच्या लग्नातला सेट. डीएल ९६. बाकी सात रुपये."

सख्ख्या बहिणीच्या नावावर बाकी! आणि ती सुद्धा इतकी वर्षं. यजमान म्हणे हसता हसता कॉटवर आडवे झाले, आणि बाई आधी भडकल्या, दादाने माझ्याकडून पैसे घ्यायचे होते काय, आणि मग पदराला डोळे पुसत बसल्या. पेटी फेकली नाही. पुड्या परत होत्या तशा बांधल्या आणि गणपतीला गावी आल्या तेव्हा मांडीवर घेऊन आल्या. सोबत पाकीट, पाकिटात सात रुपये. काकींनी घेतले सुद्धा! म्हणाल्या, त्यांचा हिशोब मी का मोडू?

ती पेटी काकींनी पुढे मला दिली. पाकिटासकट.

आता उरलेल्या वेळात कामाचं. कुणाकडे व्हॉल्व्ह असतील तर त्यावरची अक्षरं पुसू नका, ओल्या फडक्याने तर मुळीच नाही, छपाई बोटाला येते. नंबर दिसत नसेल तर काचेवर तोंडाने वाफ सोडा, पुष्कळदा क्षणभर दिसतो. काचेच्या आत चंदेरी डाग असतो, तो बेरियमचा, उरलीसुरली हवा शोषायला ठेवलेला. चंदेरी आहे म्हणजे आत हवा शिरलेली नाही, पांढरा पडला म्हणजे संपला. लक्षात ठेवा, चंदेरी असेल तर आशा आहे, पांढरा असेल तर नाही. आपल्याकडे खारी हवा, पिना हिरव्या पडतात, तेव्हा जूनच्या आधी घट्ट झाकणाच्या डब्यात ओलावा शोषणाऱ्या पुड्या घालून ठेवा. आणि वर्षानुवर्षं बंद पडलेला सेट थेट प्लगला लावू नका, आतले कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारे भाग, दगा देतात, जाणत्या माणसाकडून आधी १०० वॉटचा जुना तारेचा बल्ब सिरीजमध्ये, म्हणजे वीज बल्बमधून सेटला जाईल असा, लावून घ्या. उघडून बोट घालणाऱ्यांना एवढंच सांगतो, आत अडीचशे व्होल्ट असतात आणि स्विच बंद केला तरी काही वेळ राहतात.

एक मात्र मला अजिबात आवडत नाही. चांगला सेट पोखरून त्यात एलईडी लावायचे आणि हॉटेलच्या काउंटरवर ठेवायचा. अरे, व्हॉल्व्ह अजून बनतात, रशियात, स्लोव्हाकियात, चीनमध्ये, गिटारवाल्यांच्या अ‍ॅम्प्लिफायरसाठी कारखाने चालू आहेत, मिळत नाही ही सबब सांगू नका.

बाकी चिठ्ठ्या मी वहीत उतरवून काढतोय, पेन्सिल पुसट व्हायला लागलीय. अडचण एकच, काकांनी नावं कमी आणि खुणा जास्त लिहिल्यात. पिंपळाखालचं घर. होडीवाला, धाकटा. विहिरीकडची आत्या. तेव्हा गुहागरकडचे कुणी ऐकत असाल, घरात जुना सेट असेल, रेडिओच्या लायसन्सचं पोस्टाचं पुस्तक असेल, किंवा आजोबा रेडिओ कुणाकडे न्यायचे ते आठवत असेल, तर या रेडिओ केंद्राच्या पत्त्यावर एक पोस्टकार्ड टाका. तुमच्या घरचा व्हॉल्व्ह माझ्याकडे असायची बरीच शक्यता आहे. बाकी निघाली तरी मागणार नाही. नमस्कार.