ग्रुनवाल्डचा पूल

व्हिस्तुला नदीच्या उंच काठावर दोन मनोऱ्यांचे हे चर्च बाराव्या शतकात बांधले गेले. १४१० च्या जूनअखेरीस, ग्रुनवाल्डच्या लढाईआधी, पोलंडचा राजा यागेलो याचे सैन्य याच चर्चच्या पायथ्याशी, चेर्विन्स्क येथे, तरंगत्या पुलावरून पलीकडे गेले. सुमारे अर्धा किलोमीटर लांबीचा हा पूल आदल्या हिवाळ्यात कोझेनित्सेच्या जंगलात गुपचूप तयार करण्यात आला आणि प्रवाहाबरोबर खाली आणून येथे जोडण्यात आला. त्याच हिवाळ्यात बियावोविएझाच्या अरण्यात राजाने मारलेल्या शिकारीचे मांस खारवून, पिंपांत भरून, नदीमार्गे प्वॉत्स्कला पोहोचले होते. सैन्य उतरताच पूल सोडवून तोही परतीच्या वाटेसाठी प्वॉत्स्कला धाडण्यात आला. प्रशियावर राज्य करणारा जर्मन धर्मयोद्ध्यांचा ट्यूटॉनिक संघ पोलंड आणि लिथुएनिया यांच्याशी वेगवेगळ्या आघाड्यांवर लढण्याच्या तयारीत असताना दोन्ही सैन्ये येथे एक झाली. लढाईचा निम्मा निकाल आमच्या मते याच घाटावर लागला.

लिथुएनियाने १३८७ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला, तेव्हाच खरे तर या संघाच्या धर्मयुद्धाचे निमित्त संपले होते. समोगितिया या लिथुएनियन प्रांताचा हव्यास मात्र सुटला नाही.

१५ जुलैच्या सकाळी संघाची फौज ग्रुनवाल्डच्या माळावर सज्ज उभी होती आणि यागेलो प्रार्थनेतून उठायला तयार नव्हता. अखेर संघाचे दोन भालदार दोन नंग्या तलवारी घेऊन आले. एकाच्या अंगावर काळ्या गरुडाचे चिन्ह होते, दुसऱ्याच्या तांबड्या ग्रिफिनचे, म्हणजे गरुडमुखी सिंहाचे. लढण्याची हिंमत यावी म्हणून ही भेट, असा त्यांचा निरोप होता. राजाने तलवारी ठेवून घेतल्या.

आता दिसणारे स्वार दर जुलैत याच माळावर ही लढाई पुन्हा उभी करतात. त्या दिवशी लिथुएनियाचा शासक व्हितौतस याचे घोडदळ आधी मागे हटले. तो पळ होता की डाव, यावर इतिहासकारांचे अजून एकमत नाही. पोलिश फळी टिकून राहिली. राखीव तुकड्या घेऊन स्वतः उतरलेला संघप्रमुख उलरिश फोन युंगिंगेन वेढला गेला आणि मारला गेला. त्याच्याबरोबर संघाचे बहुतेक वरिष्ठ अधिकारीही पडले.

संघाच्या राजधानीचा, मालबोर्कचा, हा लाल विटांचा किल्ला मात्र त्या वर्षी पडला नाही. १४११ च्या तहात संघाने जमीन थोडीच गमावली, पण खंडणीच्या हप्त्यांनी खजिना रिता झाला. १४६६ च्या तहाने मालबोर्कही कायमचे गेले आणि १५२५ मध्ये संघप्रमुख आल्ब्रेख्त याने संघाची वस्त्रे उतरवून क्राकोवच्या चौकात पोलंडच्या राजापुढे गुडघे टेकले.