जुन्याच्या जागी नवा ॲक्सिलरोमीटर निवडताना

मंडळी, उपकरणातला जुना ॲक्सिलरोमीटर, म्हणजे हालचाल आणि धक्के मोजणारी चिप, मिळेनासा झाला की त्याच्या जागी कोणता घ्यावा, हा विषय मला आज दिलेला आहे. मात्र रावेरहून दिल्लीला गेलेल्या एका ट्रकची हकीकत सांगितल्यावाचून माझे म्हणणे आपल्यापर्यंत नीट पोहोचणार नाही.

आम्ही केळीच्या क्रेटमध्ये ठेवायचा धक्कानोंदक बनवतो. वाटेत मालाला केव्हा आणि किती आपटी बसली हे त्यात वेळेसह उतरते. साल काळी पडली म्हणून तिकडे भाव पाडला गेला, तर मार कुठे बसला हे शेतकऱ्याला त्यावरून दाखवता येते. त्यात आम्ही एमएमए८४५२क्यू हा ॲक्सिलरोमीटर वापरत होतो. २०२१ च्या चिपटंचाईत तो मिळेना, तेव्हा एका पुरवठादाराने एलआयएस३डीएच सुचवला. दोन्ही ३ बाय ३ मिलिमीटरचे, दोन्हींना १६ पाय, आणि वीज, क्लॉक व डेटा यांचे पायही त्याच जागी. ‘तंतोतंत तोच समजा,’ असे त्यांनी सांगितले आणि मी ते मानले. प्रोसेसर ज्या आय-टू-सी जोडणीवरून चिपशी बोलतो तिच्यावरचा पत्ता आम्ही बदलला, रजिस्टरे (चिपच्या आतले मांडणीचे कप्पे) नव्याने लिहिली, आणि नोंदक टेबलावर आडवा ठेवताच उभ्या अक्षावर १ जी, म्हणजे पृथ्वीच्या गुरुत्वाइतका आकडा, दिसू लागला. आम्हाला वाटले, काम झाले.

पण धक्का बसल्याचा इशारा प्रोसेसरला देणारी तार, म्हणजे इंटरप्टची रेषा, जुन्या भागात मुळात वर (तिच्यावर व्होल्टेज) असते आणि धक्का बसताच खाली येते. नव्याची मुळात खाली असते आणि धक्क्याने वर जाते. आमचा प्रोसेसर रेषा खाली असली की जागा होणारा असल्यामुळे तो रावेर ते दिल्लीच्या त्या प्रवासात वीज वाचवायला झोपलाच नाही. टेबलावर वीज संगणकातून येत होती, त्यामुळे हा दोष तिथे दिसण्याची सोयच नव्हती. दिल्ली यायच्या आत बॅटरी संपली, माल काळा पडून उतरला आणि नोंद अर्ध्या वाटेवर थांबलेली. एका रजिस्टरमधला एक बिट फिरवताच दोष गेला, पण कापलेला भाव शेतकऱ्याला परत मिळाला नाही. त्या मालाची पट्टी मी अजून जपून ठेवली आहे.

संयोजकांनी वेळ संपत आल्याची खूण केली आहे, म्हणून निवडीचे मुद्दे आता भराभर सांगतो.

माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावरचा पल्ला आणि बिटांची संख्या पाहून थांबू नका. भाग स्वस्थ पडलेला असताना त्याची रेषा कुठे असते आणि तो किती वीज खातो, हे आधी शोधा. जुना भाग धक्का ओळखताना गुरुत्वाचा स्थिर भाग गाळत असेल, तर नव्यातही ती गाळणी चालू केली आहे ना, हे पाहा. नाहीतर १ जी कायमचा मोजणीत मिसळेल. एलआयएस३डीएचमध्ये ३२ नोंदी स्वतःच साठवून ठेवणारी रांग आहे, ती एमएमए८४५२क्यूमध्ये नव्हती. तिचा उपयोग करून घेतला तर प्रोसेसरला अधिक वेळ झोपू देता येते. एडीएक्सएल३४५ हाही चांगला पर्याय आहे, पण तो ३ बाय ५ मिलिमीटरचा आणि १४ पायांचा असल्याने बोर्ड नव्याने आखावा लागतो.

उन्हाचा मुद्दा आपल्याकडे सोडून चालत नाही. एलआयएस३डीएचचा शून्यबिंदू दर अंश सेल्सिअसला साधारण ०.५ मिलिजी (१ जीचे हजार मिलिजी) सरकतो. बंद डबा २५ वरून ६५ अंशांवर गेला, तर फरक २० मिलिजी, म्हणजे कलण्यात एक अंशाहून थोडा जास्त. धक्कानोंदकाला त्याचे काही नाही, पण सौर पॅनेलचा कल मोजणाऱ्यांनी हा आकडा आधी तपासावा.

खरेदी अधिकृत वितरकाकडूनच करावी, आणि भाग किती वर्षे बनत राहील याची निर्मात्याची लेखी हमी पाहावी.

आता आम्ही पाच जुने आणि पाच नवे नोंदक, स्वतःच्याच बॅटरीवर, एकाच ट्रकमध्ये दिल्लीला पाठवतो आणि दोघांच्या नोंदी जुळल्यावरच भाग बदलतो. त्या पाच जुन्या नोंदकांचा डबा मी दुरुस्तीसाठीसुद्धा कुणाला उघडू देत नाही.